शंकरपटाचा जमाखर्च



माझ्या लोखंडी पेटींत लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. तिच्यावर 'श्री' काढून खालीं 'शंकरपट मंडळ, जमाखर्च' असें माझ्याच हातचें अक्षर आहे. गांवांत ज्याचें अक्षर बरें आणि ज्याला स्वतःचा व्यापारधंदा नाहीं, अशा माणसाकडे लोक हिशेब सोंपवितात. मी शाळामास्तर; तेव्हां १९८४ सालीं ही वही माझ्याकडे आली, आणि वीसएक वर्षें मीं ती लिहिली. शर्यतीचें रसभरित वर्णन करणारे पुष्कळ आहेत. शर्यत कोणाच्या पैशावर चालते हें सांगणारा क्वचित् भेटतो, म्हणून आज या वहीच्या आधारानें चार शब्द बोलणार आहें.

ज्यांचें आयुष्य शहरांत गेलें त्यांच्यासाठीं आधीं शंकरपट म्हणजे काय तें सांगतों. पश्चिम महाराष्ट्रांत जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचा आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील भाऊबंद म्हणजे शंकरपट. शंकराचें वाहन नंदी, म्हणून हें नांव, असें आमच्याकडील जुनीं माणसें सांगत. आमचा बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगरानें दोन पायऱ्यांत वाटला आहे. घाटावर चिखली, मेहकरकडचें माळरान. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांवकडचें काळें कपाशीचें रान. माझें गांव घाटावरचें. ज्वारी खळ्यांतून घरांत आली, कडब्याच्या गंज्या रचून झाल्या, कीं पौष-माघांत पटाची बोलणीं सुरू होत. गांवालगतचें सपाट रान पाहून सरळ धांवपट्टी आखीत. हलका छकडा, त्याला दोन बैल, आणि वर धुरकरी, म्हणजे हांकणारा. कोठें दोन जोड्या शेजारच्या पट्ट्यांवरून एकदम सुटतात, कोठें एकेक जोडी घड्याळावर धांवते. आमच्याकडे घड्याळाची रीत होती, आणि तें घड्याळ म्हणजे शाळेच्या क्रीडास्पर्धांचें. अर्थात् तेंहि माझ्याच हातीं. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट या प्रांतांत फार नांवाजलेला. तेथें स्त्रियांनींहि जोड्या हांकल्या आहेत. आमचा पट त्या मानानें अगदींच घरगुती.

सारा प्रकार कांहीं सेकंदांचा. एवढ्या क्षणभराच्या खेळासाठीं माणूस पांच कोसांवरून भाकरी बांधून कां येई? माझ्या मतें त्याचें कारण एकच : धांवणारा बैल त्याच्या ओळखीचा असे. हा अमक्याच्या गोठ्यांतला, याची आई त्या घरची, यानें मागल्या आखाडांत चिखलांत रुतलेली गाडी एकट्यानें ओढून काढली, ही सर्व वंशावळ आणि चरित्र प्रेक्षकांस मुखोद्गत. आज पटांत पहिली आलेली जोडी आठ दिवसांनीं वखराला जुंपलेली दिसे. आपल्याहि गोठ्यांत असाच बैल आहे, पुढल्या सालीं आपणहि उतरूं, असें प्रत्येकास वाटे. खेळणारा आणि पाहणारा यांच्यांत बांधाएवढेंच अंतर होतें.

जमेची बाजू त्यास साजेशी होती. घरटी वर्गणी, जोडीमागें प्रवेश फी, चिवडा-जिलबीवाल्यांचें व पाळण्यावाल्याचें जागाभाडें, झाली जमा. खर्चांत दवंडी, मांडव, परगांवच्या जोडीवाल्यांचें जेवण आणि बक्षिसें. पहिलें बक्षीस तांब्याची घागर व फेटा, दुसरें नुसता फेटा. वर्षाअखेर शिल्लक राही ती इतकी थोडी कीं अफरातफरीचा मोह कोणास व्हावा अशी सोयच नव्हती!

एक नोंद मात्र मला आजहि टोंचते. एका वर्षीं तांबड्या खांदाचा एक तरणा बैल धांवपट्टीच्या टोंकाशीं कोसळला. त्याच्या पुठ्ठ्यावर तुतारीच्या, म्हणजे टोंकाला आर असलेल्या काठीच्या, खुणा होत्या. मीं खर्चाच्या बाजूस 'बैलास औषध' असें लिहून पुढें रक्कम मांडली. तो बैल पुन्हां उठला नाहीं. हिशेब तपासतांना त्या नोंदीवर कोणीं प्रश्न विचारला नाहीं, आणि मीहि कांहीं बोललों नाहीं. म्हणून पटावर ज्यांनीं आक्षेप घेतले त्यांस मी शहरी खुळे म्हणत नाहीं.

पुढील इतिहास आपणांपैकीं पुष्कळांस वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. २०११ च्या जुलैंत केंद्र सरकारनें खेळासाठीं व प्रदर्शनासाठीं वापरावयास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादींत बैलाचें नांव घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद ठरविल्या. २०१७ सालीं महाराष्ट्रानें आपला कायदा दुरुस्त केला, तरी उच्च न्यायालयांत तो अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा उचलून धरला. यावरून सर्वत्र असें बोललें जातें कीं पट कायद्यानें मेला आणि कायद्यानेंच जिवंत झाला. माझी वही निराळें सांगते. आमच्या गांवचा पट २००६ सालींच बंद पडला. तेव्हां ना अधिसूचना होती, ना निकाल होता. शेवटच्या पानावर गांवच्या जोड्यांच्या रकान्यांत मीं शून्य लिहिलेलें आहे.

हें शून्य एका दिवसांत आलें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. चाऱ्यावांचून गोठे रिकामे होतांना मीं पाहिले. पण तें संकट ओसरल्यावर बैल परत आले. नंतरची ओहोटी निराळी. आमच्या रानांत ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली. पैसा हातीं लवकर आला, हें खरें. परंतु ज्वारीबरोबर कडबा जात होता हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. सोयाबीनच्या कुटारावर बैल कसाबसा जगतो, पटाला उतरत नाहीं. मग भाड्याचा ट्रॅक्टर आला. चार दिवसांची नांगरट तो चार तासांत करूं लागला. वर्षांतून थोडे दिवस काम आणि बारा महिने दावण, असा बैल कोण पोसणार? देशाच्या पशुगणनेंत २०१२ सालीं सुमारें ६ कोटी ७९ लक्ष नर गोवंश होता, तो २०१९ सालीं ४ कोटी ७४ लक्षांवर आला. सात वर्षांत दर दहांतले तीन बैल गेले. आतां पोळ्याच्या दिवशीं मातीच्या बैलांची पूजा करणारीं घरें खेड्यांतहि वाढलीं आहेत, यांत नवल तें काय?

येथें थोडें परदेशीं जाऊन येतों. माझा एक विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंत शार्लट शहरीं असतो. त्या प्रांतांत मोटारींच्या ज्या शर्यती होतात, त्यांस तिकडे 'स्टॉक कार' शर्यती म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानांत विक्रीस ठेवलेला माल. तेव्हां गिऱ्हाइकास मिळते तीच मोटार शर्यतींत धांवावयाची, हा मूळचा नियम. या खेळाचें मूळ मात्र अगदीं सोंवळें नव्हे! डोंगराळ मुलुखांतील हातभट्टीची दारू रातोरात शहरांत पोंचविणारे लोक दिसावयास साध्या, पण आंतून जोरकस केलेल्या मोटारी ठेवीत, आणि रविवारीं त्याच एकमेकांशीं पळवून पाहत. १९४८ सालीं 'नॅस्कार' नांवाची संस्था निघून खेळास शिस्त लागली. १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें अशा विकत मिळणाऱ्या मोटारींची पहिली मोठी शर्यत झाली, तेव्हां पहिल्या आलेल्या गृहस्थास बाद करण्यांत आलें. कारण त्याच्या मोटारीच्या कमानी दारूवाहू पद्धतीनें बदललेल्या आढळल्या! पुढें ज्याचें घराणें या खेळांत फार गाजलें त्या ली पेटीनें त्या शर्यतींत मागून आणलेली मोटार उतरविली होती, आणि ती उलटली. प्रेक्षक घरीं जातांना ज्या जातीच्या मोटारींत बसत, तीच त्यांनीं नुकतीच धांवतांना पाहिलेली असे.

मग पैशाचा ओघ फिरला. १९७१ च्या आरंभीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींस बंदी झाली, आणि तंबाखूवाल्यांच्या हातीं उरलेला पैसा या खेळाकडे वळला. त्याच वर्षापासून मुख्य स्पर्धेस एका सिगारेटचें नांव मिळालें तें २००३ पर्यंत राहिलें. १९७९ सालीं डेटोनाची पांचशें मैलांची शर्यत आरंभापासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखविली गेली. प्रेक्षक वाढले, प्रेक्षागारें वाढलीं. पण मोटार हळूहळू केवळ शर्यतीसाठीं घडविली जाऊं लागली; २००७ पासून तर सर्वांच्या मोटारी जवळजवळ एकाच सांच्यांतून काढल्यासारख्या दिसूं लागल्या. दुकानांतली मोटार तेथें उरली ती नांवापुरती. २००८ च्या मंदीनें पेट्रोल आणि तिकीट दोन्ही जड केलीं, आणि एकदां गेलेला प्रेक्षक पूर्वीसारखा परतला नाहीं. डेटोनाची दुरुस्ती २०१६ सालीं पुरी झाली तेव्हां तेथील आसनें सुमारें १ लक्ष ४६ हजारांवरून १ लक्ष १ हजारांवर आणलेलीं होतीं. गंमत अशी कीं आसनें कमी झालीं तरी संस्थेची जमा कमी झाली नाहीं. २०२५ पासून सात वर्षांच्या प्रक्षेपणाच्या हक्कांसाठीं ७७० कोटी डॉलरांचा करार झाला. परंतु या पैशांत आमचा वांटा पुरेसा नाहीं आणि आमचें भागत नाहीं, अशी शर्यतींत उतरणाऱ्या संघांची ओरड. त्यांतील दोन संघांनीं २०२४ सालीं संस्थेवर फिर्याद लावली. तडजोड व्हावयास डिसेंबर २०२५ उजाडला.

माझ्या विद्यार्थ्यानें मला लिहिलें तें एका जुन्या धांवपट्टीविषयीं. नॉर्थ विल्क्सबरो हें हातभट्टीच्या मुलुखांतलें लहान गांव. तेथील पट्टी १९९६ सालीं मोठ्या शर्यतींस मुकली, तिच्यावर गवत माजलें, आणि २०२३ च्या मे महिन्यांत सरकारी मदतीनें ती पुन्हां जागी झाली. "गुरुजी," त्यानें लिहिलें, "म्हातारीं माणसें नातवंडांना हात धरून आणीत होतीं आणि पडक्या पायऱ्या दाखवीत होतीं. मला आपल्या गांवचा पट आठवला."

तें पत्र वाचून मीं पेटींतली वही काढली. आमच्याकडेहि २०२१ नंतर शर्यती परत आल्या आहेत, आणि गर्दीहि अलोट आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याची तपासणी, काठीस बंदी, हे नियम झाले तें उत्तमच झालें. माझी शंका जमेच्या बाजूविषयीं आहे. पुणें-सांगलीकडे विजेत्यांस मोटारी, ट्रॅक्टर, इतकेंच काय पण माती उपसण्याचें यंत्रहि बक्षीस मिळालेलें आहे. बैलानें ट्रॅक्टर जिंकून आणावा आणि त्या ट्रॅक्टरनें बैलास गोठ्याबाहेर काढावें, हा विनोद कोणा नाटककारासहि सुचला नसता! शर्यतीची जोडी आतां लाखांनीं विकली जाते. तिला दूध, तूप, हरभऱ्याची डाळ. ती वखर ओळखत नाहीं. असा बैल ठेवावयाचा तो ठेकेदारानें, पुढाऱ्यानें, जमिनीच्या व्यवहारांत पैसा मिळविलेल्यानें. त्यांत गैर कांहीं नाहीं; राजेरजवाड्यांनींहि घोडे ठेवलेच होते. पण देणारा एकच झाला म्हणजे त्याची लहर फिरतांच पट बसला. घरटी वर्गणीचा पट एका घरानें नाहीं म्हटलें म्हणून बसत नसे.

मागल्या वर्षीं आमच्या गांवचीं तरणीं मुलें माझ्याकडे आलीं. एका सधन गृहस्थानें पटाचा सर्व खर्च देऊं केला होता. त्यांना हिशेबास माणूस पाहिजे होता. मीं म्हटलें, "वही लिहितों, पण दोन गोष्टी हव्यात. गांवच्या आणि शिवेलगतच्या गांवांच्या, शेतांत राबणाऱ्या जोड्यांचा गट निराळा ठेवा, आणि त्या गटाचें बक्षीस घरटी वर्गणींतून द्या." एक मुलगा म्हणाला, "मास्तर, तशा जोड्या आहेतच कुठें?" प्रश्न बरोबर होता. तरी त्यांनीं माझें ऐकलें, हा त्यांचा चांगुलपणा.

माघांत पट झाला. खुल्या गटास दूरदूरच्या नामांकित जोड्या आल्या. त्यांच्या वेळा विजेच्या यंत्रावर सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजल्या गेल्या, आणि माझें शाळेचें घड्याळ खिशांतच राहिलें. गांवच्या गटांत सात जोड्या उतरल्या. त्यांतल्या एका जोडींतला एक बैल धन्याचा आणि दुसरा त्याच्या मेहुण्याचा होता. दोघांची चाल जुळेना, आणि ते पट्टी सोडून थेट हरभऱ्यांत शिरले. लोक पोट धरधरून हंसले. पण हंसतां हंसतां त्या बैलांस नांवानें हांका मारीत होते. दिवसभरांत खुल्या गटांतल्या एकाहि बैलास कोणीं नांवानें हांक मारलेली मीं ऐकली नाहीं.

रात्रीं वही उघडून सात जोड्यांची प्रवेश फी आणि घरटी वर्गणी एका पानावर लिहिली, आणि त्या गृहस्थांची रक्कम दुसऱ्या पानावर. बेरजा निराळ्या केल्या. पहिल्या पानावर घागर आणि फेटा जाऊन थोडी तूट आली. ती मुलांनीं आपसांत भरली. यंदा वर्गणी मागावयास घरोघर निघावयाचें तें संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं ठरलें आहे.