अवचित बंद पडणारा लॅपटॉप

यंत्र कायमचें बिघडलें तर माणूस तें दुरुस्तीस पाठवितो किंवा दुसरें आणतो. परंतु जें यंत्र घटकाभर चालतें, मध्येंच बंद पडतें आणि पुन्हां सुरू केलें कीं कांहींच न घडल्यासारखें वागूं लागतें, तें माणसाला फार छळतें. लॅपटॉपचा हा छळ आतां शहरापुरता राहिलेला नाहीं. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवासारख्या गांवींहि सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज हीं कामें याच यंत्रावर होतात. तें अवचित थांबलें म्हणजे खोळंबा एकट्या चालकाचा होत नाहीं. दाराशीं कागदांची पिशवी घेऊन बसलेल्या सगळ्यांचाच होतो.

२०२३ सालच्या खरिपांत महाराष्ट्र शासनानें शेतकऱ्याला एक रुपयांत पीकविमा देऊं केला. अर्जाची मुदत ३१ जुलैची होती. ती पुढें ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यांत आली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची ती सोय राहिली नाहीं, पण शेवटच्या दिवसांची घाई कांहीं सरली नाहीं. अशा दिवसांत एखाद्या सेवाकेंद्रांत काय घडूं शकतें तें पाहावें. सोयाबीन पेरलेल्या शेतकऱ्याचा आधार क्रमांक भरून झाला, बँकेचें पासबुक आणि पेऱ्याचें स्वयंघोषणापत्र चढवून झालें, शेवटचें बटण दाबावयाचें, तोंच सारा पडदा निळा होतो, त्यावर इंग्रजींत दोन ओळी उमटतात आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होतें. अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो. दुपारपर्यंत असें तीनदां घडतें. दुसऱ्या दिवशीं एकदांहि घडत नाहीं.

मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, मराठवाड्याचा उकाडा बाधला. कोणी म्हणतो, विजेचा दाब कमीजास्त होतो. कोणी विषाणूचें नांव घेतो. यांतील कोणतेंहि कारण अशक्य नाहीं, आणि म्हणूनच चालक गोंधळतो. तालुक्याच्या गांवीं नेलें तर बहुधां एकच उपाय होतो : सर्व पुसून विंडोज नव्यानें घालावयाची. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशीं तोच निळा पडदा. पुसण्याचे पैसे गेले, साठविलेले कागद गेले, दोष मात्र होता तेथेंच राहिला.

याचें कारण समजण्यासाठीं ड्रायव्हर म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. लॅपटॉपमध्यें वायफायचा एक लहानसा भाग असतो. त्याची भाषा विंडोजला कळत नाहीं आणि विंडोजची त्याला कळत नाहीं. दोहोंमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर नांवाची आज्ञावली. आतां देवळाला जसा सभामंडप आणि गाभारा असतो, तशा या यंत्रांतहि दोन जागा आहेत. आपण वापरतों त्या साध्या आज्ञावली सभामंडपांत वावरतात; तेथें एखादी कोसळली तर तेवढीच कोसळते, बाकीचीं कामें चालूं राहतात. ड्रायव्हर मात्र बहुतेक गाभाऱ्यांत, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात त्या जागीं काम करतो. तेथें त्यानें भलत्या जागीं हात घातला तर विंडोज सारा कारभारच थांबविते. निळा पडदा म्हणजे हें थांबविणें होय. तो त्रासदायक खरा, पण साठविलेली माहिती भ्रष्ट होऊं नये म्हणून मुद्दाम घेतलेली ती खबरदारी आहे. विंडोज ११ मध्यें २०२५ सालीं या पडद्याचा रंग काळा करण्यांत आला. अर्थ तोच राहिला.

दोष कायम असून यंत्र नेहमींच कां बंद पडत नाहीं, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे. जाळ्यावरून माहितीचा पुडका आला म्हणजे वायफायचा भाग प्रोसेसरला चालू कामांतून थांबवून हांक मारतो. त्या तांतडीच्या क्षणीं ड्रायव्हरला स्मृतींतल्या, म्हणजे रॅममधल्याच वस्तूंना हात लावण्याची मुभा असते. विंडोज तर जागा अपुरी पडली कीं स्मृतींतील कांहीं भाग डिस्कवर हलवून ठेवते, आणि त्या क्षणीं तो परत आणावयास सवड नसते. सदोष ड्रायव्हर अशी हलविलेली वस्तु मागूं लागला कीं घात होतो. तीच वस्तु योगायोगानें रॅममध्येंच असली तर कांहीं होत नाहीं. म्हणून काम हलकें असतां यंत्र निमूट चालतें, आणि दहा खिडक्या उघड्या, अर्जांमागून अर्ज जाताहेत, अशा गर्दींतच तें दगा देतें. पडद्यावर ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ असें लांबलचक नांव दिसतें तें बहुधां याच जातीच्या अपराधाचें.

शोध घेणाऱ्यानें प्रथम वही घ्यावी. यंत्र किती वाजतां बंद पडलें, तेव्हां कोणतें काम चाललें होतें, पडद्यावर कोणतें नांव होतें, हें तेथल्या तेथें लिहावें. मोबाईलनें छायाचित्र घेतलें तर फारच उत्तम. विंडोजच्या नोंदवहींत, इव्हेंट व्ह्यूअरमध्यें, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सांपडते आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून पुष्कळजण चार्जर बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच कीं यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें. कां, तें ती सांगत नाहीं. तें सांगते विंडोजच्या मिनीडम्प नांवाच्या कप्प्यांत उरलेली फाईल. ब्लूस्क्रीनव्ह्यू या फुकट मिळणाऱ्या साधनानें ती उघडली कीं त्या क्षणीं कोणती आज्ञावली चालूं होती तें दिसतें. येथें एक सावधगिरी हवी. एनडीआयएस किंवा नेटआयओ हें नांव दिसलें तर तो विंडोजचाच भाग असतो. पडला तो, पण ढकलणारा बहुधां दुसराच असतो : वायफायचा ड्रायव्हर, नाहीं तर जाळ्याच्या वाटेवर पहारा करणारा एखादा अँटीव्हायरस.

संशय पारखण्याची रीत सोपी आहे, आणि तिच्यानें केंद्राचें कामहि अडत नाहीं. डिव्हाइस मॅनेजरमध्यें वायफायचा भाग तात्पुरता बंद करावा, मोबाईल तारेनें लॅपटॉपला जोडावा आणि त्यावरून इंटरनेट घ्यावें. या वाटेला दुसराच ड्रायव्हर लागतो. एरवीं जितक्या दिवसांत यंत्र बंद पडे, त्याच्या दुप्पट दिवस तें असें निर्वेध चाललें, तर दोष वायफायच्या ड्रायव्हरकडे आहे असें मानण्यास चांगला आधार मिळाला. तरीहि बंद पडलें, तर रॅमची परीक्षा करावी. त्यासाठीं विंडोजमध्येंच साधन आहे.

गाभाऱ्यांतली लहानशी चूक केवढा अनर्थ करते हें १९ जुलै २०२४ रोजीं जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या संरक्षक आज्ञावलीचा ड्रायव्हर असाच आंतल्या जागीं बसलेला असतो. त्याला पाठविलेल्या एका फाईलमध्यें एकवीस रकाने गृहीत धरलेले होते, आणि त्याच्या हातीं माहिती होती वीसच रकान्यांची. एकविसावा वाचावयास तो गेला आणि सुमारें ८५ लाख यंत्रें निळीं पडलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पुष्कळ यंत्रें तर एकेक करून, सेफ मोडमध्यें उघडून आणि ती फाईल पुसून सोडवावीं लागलीं. वर्गांतल्या हजेरीपटावर एक नांव जास्त लिहावें, इतकीच ही चूक!

गांवच्या लॅपटॉपचा उपाय याहून सौम्य आहे. दोष नव्या ड्रायव्हरबरोबर आला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या बटणानें जुना परत येतो. तें बटण फिकें दिसलें तर जुना शिल्लक नाहीं असें समजावें, आणि लॅपटॉप करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, यंत्राच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक पाहून, योग्य तो ड्रायव्हर घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणांत अद्ययावत’ असें आश्वासन देणाऱ्या फुकट्या आज्ञावलींना दारांत उभें करूं नये. सदोष ड्रायव्हर काढतांना त्याची फाईलहि पुसण्याची खूण करावी, एरवीं विंडोज तोच पुन्हां बसविते. विंडोज अपडेटहि त्याला परत आणूं शकतें, म्हणून तें कांहीं आठवडे थांबवून ठेवावें; आणि विम्याची मुदत टळल्यावर पुन्हां सुरू करावें, कारण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्याच वाटेनें येतात.

नवा ड्रायव्हर मात्र जुना काढण्यापूर्वींच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावयाचा असतो. वायफायचा ड्रायव्हर काढून टाकलेल्या लॅपटॉपला दुसरा ड्रायव्हर वायफायवरून आणतां येत नाहीं, आणि त्याच वेळीं मोबाईलची तारहि सांपडेनाशी झाली तर गंगाखेडची बस धरावी लागते.