इंग्रजी कळतं, पण तोंड उघडत नाही

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकून पुण्यात आलात, की बीएस्सीचं लेक्चर इंग्रजीत. मग रात्री सदाशिव पेठेतल्या रूमवर इंग्रजी रील्स. कळतं सगळं, पण व्हायवाला तोंड उघडत नाही. कारण रील नुसती ऐकायची. जिभेला काम कुठंय? त्यापेक्षा बीबीसीचं '६ मिनिट इंग्लिश' लावा. एक वाक्य ऐका, थांबवा, तसंच बोला, व्हॉट्सअॅपवर मित्राला व्हॉइस नोट टाका. हसेल तो. हसू दे.

आणि व्हॉइस टायपिंग! आपला 'व' एकच, म्हणून पश्चिमेचं 'वेस्ट' आणि बनियनचं 'वेस्ट' आपण सारखंच बोलतो. पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. शब्द सुटाच बोला. वाक्यात फोन अंदाजाने दुरुस्त करतो. काय टाइप होतंय, बघा.