पंधरा दिवसांसाठी सोडलेलं घर



गटाच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. मोबाईलवर गाझाची चित्रं येतात. पडलेली घरं, डोक्यावर गाद्या घेऊन चाललेल्या बाया, कडेवर पोरं. मग कुणीतरी विचारतं, "ताई, ही माणसं दुसरीकडे का निघून जात नाहीत?" आम्ही समन्वयक ताई मिळून याबद्दल बरंच वाचलं, आपसांत वादही घातले, आणि आज तेच तुमच्यापुढे मांडतो आहोत. एक विनंती आधीच करतो. हे आपल्याकडच्या हिंदू-मुसलमान चष्म्यातून ऐकू नका. तिथं मुसलमान आहेत, ज्यू आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि भांडण मुळात घरादाराचं आणि जमिनीचं आहे.

दुसरीकडे का जात नाहीत? तर गाझातली शंभरातली सुमारे सत्तर माणसं मुळात निर्वासितच आहेत. ती, किंवा त्यांचे आईबाप, आजीआजोबा, एकदा घर सोडून तिथं आले आणि परत जाऊ शकले नाहीत. "तात्पुरतं निघा" या शब्दांचा अर्थ त्यांना पाठ आहे. गाझा आहे तरी केवढं? ३६५ चौरस किलोमीटर. आपले बरेचसे तालुके त्याच्या दुपटीहून मोठे आहेत. त्यात वीस लाखांवर माणूस.

आता थोडं मागे जाऊ. पॅलेस्टाईनवर आधी तुर्कांचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धात ते गेलं आणि इंग्रज आले. १९१७ साली इंग्रजांनी जाहीर केलं की इथं ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय घर व्हावं, याला आमचा पाठिंबा आहे. तिथं राहणाऱ्या अरबांना कुणी विचारलं नव्हतं. १९२२ च्या शिरगणतीत शंभरात अकरा ज्यू होते, १९४७ पर्यंत सुमारे तेहतीस झाले. ही माणसं हौसेनं आली नव्हती, हेही सांगायला हवं. युरोपात त्यांचा पिढ्यान्‌पिढ्या छळ झाला, आणि हिटलरच्या राजवटीनं साठ लाख ज्यू मारले. जगातल्या बऱ्याच देशांनी त्यांना दारं लावून घेतली होती. जीव वाचवून आलेल्याला घर हवं होतं, आणि ज्याचं घर होतं त्याला ते सोडायचं नव्हतं.

नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशाचे दोन भाग करायचं ठरवलं. तेहतीस टक्के ज्यूंच्या वाट्याला निम्म्याहून जास्त जमीन आली. अरबांनी ते नाकारलं. भारतानंही या फाळणीविरुद्ध मत दिलं, आपली स्वतःची फाळणी होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. मारामाऱ्या सुरू झाल्या. एप्रिल १९४८ मध्ये दैर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक माणसं मारली, त्यात बायका-मुलं होती. चारच दिवसांनी अरबांनी ज्यूंच्या इस्पितळाकडे निघालेल्या गाड्या अडवून डॉक्टर-नर्सेससह सत्तरहून अधिक जणांना मारलं. मे महिन्यात इस्रायल देश जाहीर झाला आणि शेजारच्या अरब देशांनी युद्ध पुकारलं. या सगळ्यात सात लाखांवर पॅलेस्टिनी बेघर झाले, चारशेहून अधिक गावं ओस पडली. काही भीतीनं पळाले, काहींना बंदुकीच्या धाकानं हाकललं. तिकडे याला 'नकबा' म्हणतात, म्हणजे महासंकट.

एका गावाची गोष्ट मात्र नीट सांगायची आहे. इक्रित. लेबनॉनच्या हद्दीजवळ, साधारण पाचशे वस्तीचं, बहुतेक ख्रिस्ती. नोव्हेंबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्यानं त्यांना सांगितलं, पंधरा दिवसांसाठी गाव सोडा, मग परत या. ते लढले नव्हते, सांगितल्याप्रमाणे निघाले. पंधरा दिवस झाले, महिने झाले, वर्षं झाली. ते इस्रायलचे नागरिक झाले होते, म्हणून कोर्टात गेले. जुलै १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की यांना परत जाऊ द्या. डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, सैन्यानं गावातली सगळी घरं उडवून दिली. चर्च तेवढं राहिलं. आज इक्रितच्या माणसांना तिथं घर बांधता येत नाही. मेल्यावर मात्र तिथल्या स्मशानात पुरायला परवानगी आहे.

कोर्टाचा निकाल हातात असून हे होतं, मग ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांचं काय? १९५० साली इस्रायलनं 'गैरहजर मालमत्ता' कायदा केला. युद्धात घर सोडून गेलेला माणूस कागदावर गैरहजर, आणि त्याची जमीन, घर, बाग सरकारी रखवालदाराच्या ताब्यात. काही जण देशातच, शेजारच्या गावात आसऱ्याला होते. त्यांनाही गैरहजर धरलं. लोक त्यांना 'हजर-गैरहजर' म्हणू लागले. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे किती खेपा घालतो, तेव्हा हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

याच जमिनीशी मराठीचंही नातं आहे. आपल्या अलिबाग-पेण भागातले बेने इस्रायल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत होतो, त्यांतले बरेचजण १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथं ते लोद, रामले, अश्दोद, दिमोना अशा गावांत राहतात. मराठी बोलतात, त्यांचं 'मायबोली' नावाचं नियतकालिक निघत आलं आहे. आडनावं अजून पेणकर, किहीमकर, नवगावकर. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. ते कधीही येतात, पूर्वजांच्या कबरी पाहतात. पण हीच लोद आणि रामले गावं जुलै १९४८ मध्ये रिकामी करवली होती. पन्नास हजारांहून जास्त पॅलेस्टिनींना हाकललं, त्यांतल्या पुष्कळांना भर उन्हात चालत जावं लागलं, वाटेत कित्येक तहानेनं मेले. त्यांची नातवंडं आज तिथं सहज येऊ शकत नाहीत. यात आपल्या कोकणातल्या माणसांना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही. इराक, येमेन, मोरोक्कोतूनही लाखो ज्यू आले. इराकमधून निघालेल्यांची मालमत्ता तर तिथल्या सरकारनं गोठवली. एकाचं गेलेलं घर दुसऱ्याच्या घरानं भरून काढायचं, असा तो काळ.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४८ मध्येच ठराव केला होता की ज्यांना शांततेनं राहायचं आहे त्यांना घरी परतू द्यावं. इस्रायलचं म्हणणं असं, की सगळे परतले तर ज्यूंचा देश ज्यूंचा उरणार नाही. गाडं तिथंच अडलं आहे. १९६७ च्या युद्धात इस्रायलनं पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझाही घेतलं, आणखी तीन लाख माणसं हलली, काही दुसऱ्यांदा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं इस्रायलमध्ये घुसून सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली. ते क्रूरच होतं. त्यानंतरच्या हल्ल्यांत गाझात हजारो-हजारो माणसं मेली, दहातल्या नऊ जणांना घर सोडावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली, पण परतायचं तर घर उभं हवं.

आता बायांकडे येऊ. निघताना पुष्कळांनी दाराला कुलूप लावून चावी बरोबर नेली. ती चावी आजही घराघरांत जपलेली आहे. दुसरं म्हणजे भरतकाम. तिथल्या बायका पायघोळ झग्यावर फुलीच्या टाक्यानं भरतात, त्याला 'तत्रीझ' म्हणतात. पूर्वी झग्यावरचं भरतकाम बघून बाई कुठल्या भागातली ते ओळखू यायचं. छावणीत गाव राहिलं नाही, पण आईनं लेकीला गावचा टाका शिकवला. तेच पुढे कमाईचं साधन झालं. समीहा खलील नावाच्या बाईंनी १९६५ साली अल-बिरे इथं बायकांची संस्था काढली, शिवण-भरतकाम शिकवलं, हाताला काम दिलं. त्याच समीहाबाई १९९६ साली यासर अराफात यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. हरल्या, पण उभ्या राहिल्या.

आणि एक गोष्ट आम्हाला खटकली, ती सांगतोच. निर्वासितांची नोंद ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या नियमात निर्वासित म्हणून नोंद बापाकडून मुलांना मिळते. निर्वासित बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं, तर तिच्या मुलांना सेवा मिळू शकते, पण निर्वासित म्हणून त्यांची नोंद होत नाही. चावी जपली आईनं, टाका शिकवला आईनं, नोंद मात्र बापाची.

तुमचे प्रश्न सीआरपी ताईंकडे लिहून द्या, पुढच्या शनिवारी त्यांवर बोलू.