चित्रातला बैल कोणाचा?



कलाशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. अध्यक्षाने कलाशिक्षणाच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. कमी झालेल्या तासिका, रिक्त पदे, अनुदान हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवरचे ठराव खुल्या अधिवेशनात येणारच आहेत. मी मात्र माझा वेळ एका चित्रासाठी मागणार आहे. ‘सर, या चित्राचा अर्थ काय?’ हा प्रश्न आपल्याला वर्गात सतत ऐकू येतो. त्याचे उत्तर आपण ज्या घाईने देतो, त्या घाईची मला काळजी वाटते.

लाल म्हणजे क्रोध, पांढरा म्हणजे शांती, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, दिवा म्हणजे ज्ञान. मुले हे पाठ करतात, रसग्रहणाच्या उत्तरात लिहितात, गुणही मिळवतात. चित्र मात्र त्यांनी पाहिलेलेच नसते. प्रतीकाला चित्राबाहेर पक्का अर्थ नसतो, असे माझे ठाम मत आहे. त्याला अर्थ येतो तो त्या चित्रातल्या रंगामुळे आणि त्याला दिलेल्या जागेमुळे. म्हणून रंग आणि रचना आधी पाहायची, प्रतीकाकडे शेवटी यायचे.

मागच्या पडद्यावर जे चित्र आहे ते तुम्ही सगळ्यांनी पुस्तकांत पाहिले आहे. पाब्लो पिकासोचे ‘गेर्निका’. पुस्तकात ते वीतभर दिसते. प्रत्यक्षात ते साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. म्हणजे त्यातला घोडा आपल्यापेक्षा मोठा आहे. हे माप मुलांना आधी सांगा. वर्गाच्या भिंतीवर खडूने आखून दाखवा, आणि भिंत अपुरी पडली तर तेही त्यांना पाहू द्या.

१९३७ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होते. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते आणि तिथल्या प्रजासत्ताक सरकारने आपल्या दालनासाठी पिकासोकडे एक मोठे चित्र मागितले. काही महिने विषय सापडत नव्हता. २६ एप्रिल १९३७ रोजी बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातले गेर्निका हे गाव बाँबफेक करून उद्ध्वस्त केले. १ मे रोजी पिकासोने पहिली कच्ची रेखाटने केली आणि जूनच्या सुरुवातीला चित्र पुरे झाले. या काळात डोरा मार या छायाचित्रकार स्त्रीने कॅनव्हासच्या एकेका अवस्थेची छायाचित्रे घेतली. कलाशिक्षकाला यापेक्षा मोठी देणगी मिळणे कठीण. चित्रकाराने काय ठेवले हे चित्रात दिसते. काय पुसले हे या छायाचित्रांत दिसते.

आता रंग पाहू. काळा, पांढरा आणि त्यांच्यामधल्या करड्या छटा, एवढेच. जखमा आहेत, आग आहे, पण लाल कुठेच नाही. चित्र चालू असताना पिकासोने बायकांच्या अंगावर वस्त्र म्हणून नक्षीदार कागदाचे तुकडे चिकटवून पाहिले होते. छायाचित्रांत ते दिसतात. नंतर त्याने ते काढून टाकले. म्हणजे रंगाचा त्याग आधीपासून ठरलेला नियम नव्हता. करून पाहिल्यावर घेतलेला निर्णय होता. का घेतला असेल? घोड्याच्या अंगाकडे जवळून पाहा. तिथे बारीक उभ्या रेघांच्या ओळीच्या ओळी आहेत, वर्तमानपत्राच्या छपाईसारख्या. त्या दिवसांत पॅरिसमध्ये बातमी पोहोचली ती वर्तमानपत्रांतून, काळ्या शाईत. ज्या रंगात जगाला ही घटना कळली त्याच रंगात ती चित्रात उभी आहे. माझ्या मते हे एक कारण. दुसरे कारण रचनेशी जोडलेले आहे. इतक्या मोडलेल्या, एकमेकांत घुसलेल्या आकारांना सात-आठ रंग दिले असते, तर डोळा रंगामागे भटकला असता. काळ्या-पांढऱ्याने त्याला आकारांच्या कडांवर धरून ठेवले आहे. पांढरा इथे शांतीचा नाही. तो अंधारात अचानक पडलेल्या झोताचा आहे आणि जिथे पडतो तिथे काहीतरी तुटलेले दिसते.

रंगाच्या या निर्णयाची एक विलक्षण परीक्षा इतिहासाने घेतली. याच चित्रावरून १९५५ साली एक भिंतपडदा विणला गेला आणि पुढे तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लागला. त्यात तपकिरी छटा आल्या. आकार तेच, जागा त्याच. पण तपकिरीने त्याला जुन्या वस्त्राची ऊब दिली आणि बातमीचा कोरडेपणा गेला. मला तो पडदा मूळ चित्राहून सौम्य वाटतो. तरीही फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरच्या युद्धाची बाजू तिथे मांडली जात होती, तेव्हा तो निळ्या पडद्याने झाकण्यात आला. रंग बदलला तरी रचना कॅमेऱ्यासमोर नकोशी झाली होती.

त्या रचनेकडे वळू. पहिल्या नजरेला गोंधळ दिसतो. पण डावीकडे खाली पडलेल्या सैनिकाच्या हातापासून उजवीकडे धावत येणाऱ्या बाईच्या जड, मागे ओढल्या जाणाऱ्या पायापर्यंत एक पाया आहे, आणि दोन्ही बाजू चढत चढत खिडकीतून बाहेर काढलेल्या दिव्यापाशी मिळतात. मोठा त्रिकोण. त्याच्या दोन बाजूंना दोन खांब उभे राहतात. डावीकडे बैल आणि मेलेले मूल मांडीवर घेतलेली आई, उजवीकडे हात वर करून आगीत सापडलेली बाई. युरोपातल्या चर्चमध्ये वेदीमागे तीन भागांची चित्रे असतात, तीच ही मांडणी. फक्त मधल्या भागात, जिथे देव असायचा, तिथे भाला लागलेला घोडा किंचाळतो आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. हे चित्र मात्र उलट वाहते. घोड्याची मान, दिवा धरणारी बाई, धावणारी बाई, सगळ्यांची झेप डावीकडे आहे. पाहणाऱ्याची नजर प्रवाहाविरुद्ध चालते आणि अडखळते. मुलांना बोटाने हवेत ही दिशा गिरवायला सांगा. ती त्यांना हाताला कळेल.

आणखी एक गोष्ट. खाली फरशी आहे, वर छपराची कौले आहेत, उजव्या टोकाला किलकिले दार आहे. आपण घरात आहोत की रस्त्यावर? ठरवता येत नाही. बाँब पडल्यावर घर आणि रस्ता यांतला भेद उरत नाही, हे पिकासोने अवकाश मोडून सांगितले. यात विमान नाही, बाँब नाही, शत्रूचा गणवेश नाही. एप्रिल १९३७ मधल्या त्या दिवसाची एकही खूण नाही, आणि म्हणूनच हे चित्र पुढच्या प्रत्येक बाँबफेकीला लागू पडत गेले.

आता प्रतीके. छायाचित्रांतल्या सुरुवातीच्या अवस्थेत पडलेल्या सैनिकाचा हात ताठ वर उठलेला आहे आणि मूठ आवळलेली आहे. आवळलेली मूठ ही त्या काळातल्या प्रजासत्ताकवाद्यांची सर्वांना ठाऊक असलेली खूण. पुढे त्या मुठीत कणसे आली, मागे सूर्य आला. आणि मग पिकासोने ते सगळे पुसले. सैनिक आडवा झाला, त्याच्या हातात मोडकी तलवार राहिली आणि तिच्यापाशी एक लहानसे फूल. सूर्य चपटा होत होत डोळ्याच्या आकाराचा झाला आणि बुबुळाच्या जागी विजेचा दिवा आला. तयार, घोषणेत बसणारे प्रतीक हाताशी होते, स्वतःच्या पक्षाचे होते, आणि तरी त्याने ते काढून टाकले. मला या चित्रातला हा सर्वांत धाडसी क्षण वाटतो. मूठ राहिली असती तर गेर्निका उत्तम भित्तिपत्रक झाले असते.

आणि बैल? त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले. १९४५ मध्ये एका अमेरिकन मुलाखतकाराला पिकासोने सांगितले की बैल म्हणजे क्रौर्य आणि अंधार, घोडा म्हणजे जनता. दोनच वर्षांनी त्याचा सूर बदलला: बैल हा बैल आहे आणि घोडा हा घोडा, अर्थ पाहणाऱ्याने लावावा. स्पॅनिश लेखक ख्वान लार्रेया यांनी तर उलटेच मांडले, त्यांच्या लेखी बैल हाच स्पेनची जनता. मग आपण मुलांना काय सांगायचे?

चित्रात पाहायचे. बैलाचे डोके पांढुरके आहे, धड काळोखात आहे. सुरुवातीच्या अवस्थेत त्याचे धड चित्राच्या मध्याकडे पसरलेले होते. मग पिकासोने ते वळवले आणि तो कडेला, डाव्या टोकाला उभा राहिला. मेलेल्या मुलाखेरीज बाकी सगळी घायाळ आहेत किंवा आक्रोश करत आहेत. बैलाला मात्र ओरखडा नाही. त्याच्या मुस्कटाखालीच ती आई आहे, तिचे उघडे तोंड आणि टोकदार जीभ थेट त्याच्याकडे वळलेली. तो तिच्यावर सावली धरून उभा आहे की तिच्या जिवावर उठला आहे? ही शंका म्हणजे आपल्या समजुतीतली उणीव नाही. ती रचनेनेच निर्माण केली आहे. धड काळोखात आणि तोंड उजेडात, आईच्या इतक्या जवळ आणि तरी तिच्याकडे न पाहणारा, अशी जागा देऊन पिकासोने त्या जनावराला दोन्ही शक्यतांमध्ये उभे केले. ‘बैल म्हणजे फॅसिझम’ असे वहीत लिहिले, की यातले काहीच पाहावे लागत नाही.

हाच बैल मुंबईत आणा. चित्रकार तैयब मेहता जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. १९४७ च्या दंगलीत रस्त्यावर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी पाहिले आणि ते दृश्य त्यांना आयुष्यभर सुटले नाही. त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतो तो पाय बांधून पाडलेला बैल. १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ हा छोटा चित्रपट केला, त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये आहेत. पिकासोचा बैल उभा आणि अभेद्य. तैयबांचा बैल पाडलेला, आपल्याच ताकदीचा गठ्ठा होऊन पडलेला. त्याच्याभोवती सपाट, एकसंध रंगाची पटले आहेत, ज्यांत सावली नाही की खोली नाही. त्यामुळे त्या देहाला सरकायला जागाच उरत नाही. प्राणी एक, अर्थ दोन टोकांचे, आणि ते अर्थ कुठून आले? आसनातून, कडांतून, रंगाच्या पटलांतून.

पुढे त्यांनी महिषासुर रंगवला. आपण तुळजापूरच्या भवानीला महिषासुरमर्दिनी म्हणून हात जोडतो, आणि त्याच महाराष्ट्रात तोच महिष म्हसोबा होऊन गावच्या शिवेवर शेंदूर लावून घेतो. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुणे परिसरात पायी फिरून या नात्यावर लिहिले आहे. तैयबांच्या चित्रांत देवी आणि महिष यांचे देह असे गुंतलेले असतात की एकाची कड कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली, ते शोधावे लागते. मारणे आणि कवटाळणे एकाच रेषेत येते. म्हसोबाला नारळ फोडणाऱ्या घरातल्या मुलाला हे चित्र परके वाटायचे कारण नाही. फक्त आपण त्याच्या आणि चित्राच्या मध्ये ‘दुष्टांवर सुष्टांचा विजय’ हे वाक्य उभे करू नये.

आणि जिथे बैलही नाही, दिवाही नाही? वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, जे. जे. मध्ये शिकले. त्यांच्या उत्तरकाळातल्या कॅनव्हासवर नाव घेता येईल अशी वस्तू नसते. रुळाने रंगाचे थर द्यायचे, चाकूने काढायचे, पुन्हा द्यायचे. तिथे प्रतीकांची यादी पाठ केलेला विद्यार्थी गप्प होतो. पण ज्याने गेर्निकातला उजेड कुठून कुठे सरकतो हे पाहिले आहे, तो गायतोंड्यांसमोरही बोलू शकतो, कारण पाहण्याची रीत तीच आहे.

आपली मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांत ती हात घडवतात, आणि आपल्यातल्या अनेकांनी तुटपुंज्या साधनांत ते काम निष्ठेने केले आहे. नजर घडवण्याला मात्र आपण तासिका दिलेली नाही. द. ग. गोडशांनी ‘पोत’ हे पुस्तक लिहून साठ वर्षे उलटली. मराठीत चित्राकडे डोळसपणे पाहण्याची ही परंपरा आपल्या घरचीच आहे. ती वर्गात यायला हवी.

माझी या संमेलनाला एकच विनंती आहे. येत्या वर्षी प्रत्येकाने आपल्या शाळेत महिन्यातून एक तास एकाच चित्राला द्यावा. चित्र मोठे छापून घ्या, शीर्षक आणि चित्रकाराचे नाव झाकून ठेवा. उजेड कुठून येतो, डोळा आधी कुठे जातो, कोण कडेला आहे, कोण कोणाकडे पाहत नाही, हे मुलांना विचारा आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहा. त्या तासात चित्राचा अर्थ तुम्ही सांगू नका. आणि असा तास वेळापत्रकात अधिकृतपणे मिळावा, हा ठराव खुल्या अधिवेशनात मांडायला माझी सही सर्वांत आधी घ्या.