शुक्रवारचा सिनेमा



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. माझी शाळा म्हणजे युनियनची कचेरी. तेव्हा विद्वत्तेच्या वाटेस न जाता मी आपणांस तीन कोडी घालतो. कोणत्या 'शोले'त दरोडेखोर सायकलींवरून येतात? गब्बरसिंगाचा 'रबरसिंग' आणि बसंतीची 'बासमती' कोठे झाली? आणि कोणत्या सुपरमॅनच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबत असते?

तिन्ही कोड्यांचे उत्तर एकच: नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, आमच्या यंत्रमागवाल्यांचे गाव!

शेख नासिर हे तेथे व्हिडिओगृह चालवीत. लोकांना चित्रपट दाखविता दाखविता, आपणही एक का काढू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावचीच माणसे घेऊन, सुमारे ५० हजार रुपयांत २००० साली 'मालेगाव के शोले' तयार झाला. पुढे अशी चित्रे निघत गेली. बाहेर त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक. पण ज्यांना नाद लागला ते अशी कोडी एकमेकांना घालीत बसतात.

आपण हसलात. मीही हसलो. पण हसून झाल्यावर विचार करा. घोड्याचे भाडे परवडेना, म्हणून सायकल आली. कॅमेरा सरकत न्यावयाचा तर त्यालाही सायकलच. आणि कॅमेरा उंच उचलावयाचा तर बैल सोडलेली गाडी! एका टोकास कॅमेरावाला बसवायचा आणि दुसरे टोक माणसांनी खाली दाबायचे, की हा वर गेलाच. मागाचा भाग मोडला आणि नवा मिळेना, तर तारेने, दोरीने काम चालू ठेवणारा कामगार ज्याने पाहिला आहे, त्याला ही करामत ओळखीची वाटेल.

सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा काटकुळा तरुण. मागावर मजुरी कापडाच्या मापाने मिळते. पाळी बुडाली की मजुरीही बुडाली. हा सुपरमॅन हिरव्या कापडापुढे उडाला. त्याचा शत्रू परग्रहावरचा नव्हे. त्याला घाण प्रिय, सारे गाव घाणीने भरावे एवढीच त्याची इच्छा. ज्याच्या दारापुढे गटार तुंबलेले आहे, त्याला असला खलनायक समजावून सांगावा लागत नाही! फैजा अहमद खान यांनी या धडपडीवर माहितीपट केला. शफीक २०११ साली कर्करोगाने गेला. २०२४ साली रीमा कागती यांनी या मंडळींवरच हिंदी चित्रपट केला. परंतु सायकली ज्यांच्या होत्या, गाडीचे टोक ज्यांनी दाबले, त्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

म्हणून नादिष्टांची ही कोडी मला पोरकट वाटत नाहीत. हजेरीपटात नाव नसेल तर पगाराच्या दिवशी भांडता येत नाही, हे मी माझ्या धंद्यात शिकलो. नाव विचारणारा माणूस हजेरीच घेत असतो.

आणखी एकच गोष्ट. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात, आणि त्या दिवशी कामगार चित्रपट पाहावयास लोटतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. तेव्हापासून आम्हांला विचारण्यात येते की, सुट्टी घेऊन हे लोक करणार काय? दारू पिणार, पत्ते कुटणार! मी वाद घालीत नाही. सायकलीवर बसलेल्या त्या दरोडेखोरांकडे बोट दाखवितो. सुट्टीच्या एका दिवसात माणसाच्या अंगातले काय काय बाहेर येते, ते तेथे पाहावे. ज्यांना तो एक दिवसही सुखाने मिळत नाही, त्यांच्या अंगातले किती राहून जात असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याही कोड्यात सापडणार नाही.