हमालीणबाईची शाळा

(वर्ध्याच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. मॅट्रिक पास. कविता लिहितो. मूळ इथल्याच मातीतला, म्हणून तुम्ही बोलावलंत. काल घरी आलो तर माय म्हणाली, "तू शिकला बाबू, पण वस्तीले काय भेटलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

शिक्षणाचं नाव काढलं की वर्ध्यात १९३७ ची परिषद सांगतात. ऑक्टोबर महिना, अध्यक्ष गांधीजी. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं असं ठरलं. टकळी वर्गात आली. ठीक. पण विदर्भातल्या आमच्या वस्त्यांत माग पिढ्यान्‌पिढ्या होताच. आमचे हात कामातच झिजले. आम्हाले पाटी पाहिजे होती!

ती कोणी दिली? शेजारच्या नागपुरात जाईबाई चौधरींनी. ही बाई हमाली करायची. मिशनरी बाईच्या मदतीनं मास्तरीण झाली. जात कळली तशी नोकरी गेली. मग १९२२ साली तिनं नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं पोरींची शाळाच काढली. त्याच १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. शिकल्यासवरल्या बायांनी जाईबाईंना जेवायला वेगळं बसवलं. ऑक्टोबरात वर्ध्याला हातांचं कौतुक, डिसेंबरात नागपूरला त्याच हातांचा विटाळ! आपल्या बाया गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी निषेधाची सभा घेतली.

वस्तीत भजन होतं, जलसा होता, जात्यावरची ओवी होती. नव्हतं ते अक्षर. पोरगी वाचू लागली की सावकाराचा कागद अंगठ्याआधी वाचला जातो. आजीची ओवी वहीत उतरते. अख्खी वस्ती ताठ होते. म्हणून जाईबाईंनी शाळा आपल्या पोरींसाठी काढली. शिकून एकटीच निघून नाही गेली.

मी गेलो. शाळेची शिडी केली न्‌ पळालो. कबूल करतो. पण इथं बसलेले तुम्हीही त्याच शिडीवर पाय ठेवून आहात.

तर आता टाळ्या नकोत. विहाराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दोन तास, वस्तीतली पोरं-पोरी, एक फळा. माझी सुटी आठ दिवसांची. आठही संध्याकाळी मी बसतो.

नवव्या दिवशी कोण बसणार, ते उठून सांगा.

जयभीम.