विद्यापीठाची किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विद्यापीठांचा सारा कारभार एकाच संगणकप्रणालीत आणण्याची मोहीम देशभर चालू आहे. प्रवेश, शुल्क, परीक्षा, निकाल, रजा, वेतन, हिशेब हे सर्व एका धाग्यात ओवले जात आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली ‘समर्थ’ ही अशीच एक प्रणाली. तिचे स्वागत करावे की तिला विरोध करावा, असे कार्यकर्ते विचारतात. वस्तुतः प्रश्न यंत्राचा नसून त्यावरील अधिकाराचा आहे.

जुना कारभार काही रामराज्य नव्हता. एका दाखल्यासाठी आडगावच्या विद्यार्थ्याने एस.टी.चे भाडे खर्चून विद्यापीठाच्या गावी यावे, खिडकीपाशी ताटकळावे आणि ‘साहेब रजेवर आहेत’ एवढे ऐकून परतावे, हा नित्याचा अनुभव होता. जे यंत्र हा हेलपाटा वाचवते, त्याला विरोध करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही.

परंतु एकत्रीकरणाची दुसरी बाजूही आहे. पूर्वी नावातील चूक एका वहीपुरती राही. आता ती प्रवेश-अर्जापासून गुणपत्रिकेपर्यंत आणि पुढे शिष्यवृत्तीपर्यंत प्रवास करते. वडिलांचे नाव एका दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’ असेल, तर माणसाच्या लेखी ती एकच व्यक्ती. यंत्राच्या लेखी दोन. कारकुनाला चूक दिसते, पण दुरुस्तीचा अधिकार त्याच्यापाशी नसतो. ‘सिस्टिम घेत नाही’ हे नवे उत्तर जन्माला येते, आणि या उत्तराविरुद्ध अपील कोणाकडे करावे हे कोणी सांगत नाही. ज्याच्या घरी शिकलेले माणूस नाही, त्यालाच याची झळ सर्वाधिक पोहोचते.

घाईचे फळ काय असते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दाखवून दिले. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वी एवढ्या व्यापावर ही पद्धत तेथे पारखली गेली नव्हती; प्राध्यापकांची तयारीही अपुरी होती. निकाल ४५ दिवसांच्या आत लावण्याचे बंधन कायद्यात आहे. ते पाळले गेले नाही, आणि कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. काही उत्तरपत्रिकांचा तर ठावच लागेना. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण ज्यांचे पुढील प्रवेश हुकले, त्यांचे वर्ष कोणी परत दिले नाही. यंत्र नवे होते. निर्णयाची पद्धत मात्र जुनीच, वरून खाली आदेश देण्याची होती.

प्रणाली खाजगी कंपनीची असेल, तर करार संपताच विद्यापीठ ओलीस राहण्याचा धोका असतो; कारण नोंदी ज्या साच्यात साठवल्या, तो साचा कंपनीचा असतो. प्रणाली सरकारी असेल, तर नफ्याचा प्रश्न सुटतो, पण केंद्रीकरणाचा उरतो. स्थानिक नियमाप्रमाणे एक रकाना बदलण्यासाठी विद्यापीठाला दिल्लीकडे पाहावे लागत असेल, तर ती कसली स्वायत्तता?

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या लावून धराव्यात. करारावर सही होण्यापूर्वी त्याचा मसुदा अधिसभेपुढे आलाच पाहिजे. सर्व नोंदी विद्यापीठाच्या मालकीच्या असाव्यात आणि दुसऱ्या प्रणालीत नेता येतील अशा स्वरूपात त्या केव्हाही मिळाव्यात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार विद्यार्थ्यांची माहिती जपण्याची जबाबदारी निश्चित व्हावी. किमान एक सत्र जुनी व नवी पद्धत जोडीने चालावी. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार मुदतीच्या बंधनासह महाविद्यालयाच्या कार्यालयाला मिळावा. कंत्राटी माणसे आणण्याऐवजी विद्यापीठाच्याच कर्मचाऱ्यांना शिकवून तयार करावे. आणि खिडकी बंद होऊ नये. तिच्यामागे उत्तर देण्यास बांधलेला माणूस बसलेला असावा.

विद्यार्थी आणि कर्मचारी या दोघांच्या संघटनांनी या मागण्या एकत्रितपणे मांडल्या, तरच त्यांना वजन येईल. कर्मचारी एकटा बोलला तर तो नोकरी वाचवतो आहे असे म्हटले जाईल, आणि विद्यार्थी एकटा बोलला तर त्याला अधीर ठरवले जाईल. अधिसभेच्या निवडणुका येतात तेव्हा प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: विद्यापीठाची किल्ली कोणाच्या हाती राहणार?